यादीराव स्पष्ट बोलतात

"आज जे झालं ना, ते शपथेवर सांगितलं तरी कुणाला खरं वाटायचं नाही!" दारातच चपला भिरकावत यादीराव म्हणाले.

"मग शपथ घेऊच नका," आतून बायको म्हणाली. "नुसतं सांगा."

चपला भिरकावल्या, यावरूनच ओळखावं की दिवस साधा गेला नव्हता. एरवी हा माणूस चपला जोडीने भिंतीला लावायचा, खिशातून कागद काढायचा आणि ‘चपला जागेवर ठेवणे’ यापुढे बरोबरची खूण करायचा. त्यांना यादीराव हे नाव पडलं ते उगीच नाही. त्यांची सकाळची यादी ‘उठणे’ या कलमाने सुरू होई, म्हणजे डोळे उघडताच एक काम फत्ते. दुसरं कलम ‘यादी करणे’. तेही लगेच फत्ते. झोपेत कूस बदलली तरी ते सकाळी आठवणीने लिहून त्यापुढे खूण करत, असं शेजारी सांगत. शेजारीच ते, तेव्हा थोडं कमी करून ऐकावं.

एका कलमापुढे मात्र कधीच खूण झाली नव्हती. ‘साहेबांशी स्पष्ट बोलणे.’ बोलायचं काय, तर आठ दिवसांची रजा मागायची. मुलीला मुलगी झाली होती. नात पालथी पडली, रांगली, आता धरून धरून उभी राहू लागली, आणि आजोबांनी तिला पाहिली ती फक्त फोनच्या काचेत. पण साहेबांपुढे उभं राहिलं की यादीरावांची जीभ टाळूला चिकटे. रजा हा शब्द कागदावर लिहायचीसुद्धा धास्ती, म्हणून मोघम ‘स्पष्ट बोलणे’. ते कलम आजच्या यादीतून उद्याच्या यादीत, न उतरलेल्या प्रवाशासारखं पुढे पुढे जात राहिलं.

त्या सकाळी बायकोने डबा हातात देताना सांगितलं होतं, "आज विचारलंत तर ठीक. नाहीतर मी उद्या एकटी निघते. तुम्हाला नात भेटेल तिच्या लग्नात."

हे ऐकूनच यादीराव हबकले आणि त्या भरातच घोळ झाला.

यादीराव खुर्च्यांच्या कारखान्यात फोरमन होते. तिथली रीत अशी, की सकाळी त्यांनी दिवसाच्या कामाची यादी दाराजवळच्या खिळ्याला टोचायची आणि सगळ्यांनी ती वरून खाली पार पाडायची. का, कशाला, असं विचारायचं नाही. साहेबांना ‘का’ या अक्षराचा भयंकर राग. मागे एकदा यादीरावांकडून चार पायांऐवजी तीन पाय लिहिलं गेलं, तर संध्याकाळपर्यंत तीन पायांच्या खुर्च्यांचा ढीग छपराला टेकला होता. त्या विकत घेणारे लोक अजून भिंतीला टेकून बसतात म्हणे.

तर यादीरावांच्या खिशात नेहमी दोन कागद असत, एक कारखान्याचा, एक स्वतःचा. अक्षर तेच, घडी तीच. त्या दिवशी खिळ्याला लागला तो स्वतःचा, आणि कारखान्याचा खिशात घेऊन यादीराव मागच्या गोदामात वेताच्या जुड्या मोजायला निघून गेले.

पॉलिशवाल्याने यादी वाचली. पहिल्या दोन कलमांपुढे खूण आधीच झालेली होती. "अर्धा तास भरभर चालणे," तो म्हणाला.

"कुठे?" सुताराने विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"मग आवारातच चला."

आणि सगळा कारखाना आवारात गोल गोल चालू लागला. वेत विणणाऱ्या मावशी पदर खोचून सर्वांत पुढे. खुर्च्या न्यायला आलेला टेम्पोवाला फाटकातून आत शिरला, त्याला कुणी थांबून उत्तर देईना, म्हणून प्रश्न विचारता विचारता तोही चालायला लागला. दोन फेऱ्यांनंतर प्रश्न विसरला, चालत मात्र राहिला.

पुढचं कलम होतं, ‘चहात साखर बंद’. ते पाळलं गेलं, पण तोंडं अशी झाली की जणू कुणी वार्निश पाजलं. त्यानंतर ‘रोज एकाचं तरी मनापासून कौतुक करणे’. इथे जरा पंचाईत झाली, कारण कारखान्यात कौतुकाची सवय कुणालाच नव्हती. पॉलिशवाला आणि सुतार यांचं तर एका रंध्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद. पण यादी म्हणजे यादी. पॉलिशवाला घसा खाकरून सुतारापुढे उभा राहिला.

"तुझ्या हातचा सांधा म्हणजे, काय सांगू, पाणीसुद्धा आत शिरत नाही."

सुतार दोन पावलं मागे सरला. "रंधा मिळायचा नाही."

"रंधा नको रे. कौतुक करतोय."

"कशासाठी?"

"यादीत आहे."

"मग ठीक," सुतार म्हणाला आणि हळूच डोळे पुसले. भुसा गेला होता म्हणाला. त्या दिवशी रंधा बंदच होता ही गोष्ट वेगळी.

आता सहावं कलम आलं. ‘जुनी अडगळ निर्दयपणे काढून टाकणे.’ यादीरावांच्या मनात होती ती घरातल्या माळ्यावरची मोडकी छत्री. पण कारखान्यात सर्वांत जुनी अडगळ कोणती, यावर कुणाचं दुमत नव्हतं. साहेबांची खुर्ची! एक पाय आखूड, पाठ कललेली, बैठकीतून एक खिळा वर डोकावतोय. साहेबांनी ती कधी बदलली नाही की दुरुस्त होऊ दिली नाही. तिच्यात बसलं की ते गुरगुरत, उठले की ओरडत.

"ही?" मावशींनी एकदा विचारून घेतलं.

"‘निर्दयपणे’ असं लिहिलंय," पॉलिशवाला म्हणाला.

खुर्ची भंगारवाल्याच्या गाडीवर चढली. त्याने मागे वळून वळून पाहिलं, पण कुणी परत बोलावलं नाही.

नेमके त्याच वेळी साहेब आले. केबिनमध्ये गेले, सवयीने बसायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले. खाली काहीच नव्हतं. सरळ होऊन त्यांनी बघितलं तर दारात रांग लागलेली. कारण यादीतलं शेवटचं कलम होतं, ‘साहेबांशी स्पष्ट बोलणे’.

"काय आहे?" साहेब गरजले. पण उभ्याने गरजायची सवय नसल्यामुळे आवाज मध्येच फाटला.

मावशी पुढे झाल्या. "साहेब, स्पष्ट बोलते. कारखाना खुर्च्यांचा, आणि आम्ही सगळे बसतो जमिनीवर. पाहुण्याला हसू येतं."

"साहेब, तुम्ही मागे उभे राहून बघता तेव्हा माझा हात थरथरतो," सुतार म्हणाला. "वाकडे पाय त्यामुळेच निघतात. माझ्यामुळे नाही."

"साहेब, तुमचे विनोद आम्हाला आवडत नाहीत," पॉलिशवाला म्हणाला. "आम्ही हसतो, पण आतून नाही."

टेम्पोवाला रांगेत शेवटी होता. त्याचा कारखान्याशी संबंध काय, पण नंबर आला म्हणून तोही बोलून गेला, "साहेब, तुमचं फाटक अरुंद आहे."

एवढं सगळं माणूस उभ्याने किती ऐकणार? साहेबांचे पाय भरून आले. मावशींनी मुकाट्याने परवाच विणून झालेली एक वेताची खुर्ची आणून मागे सरकवली. साहेब बसले. आणि म्हणे त्यांच्या तोंडून असा काही सुस्कारा निघाला, की टेबलावरचे कागद उडून खिडकीला चिकटले. इतक्या वर्षांत स्वतःच्या कारखान्यात बनलेल्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते.

"ही आपण करतो?" त्यांनी विचारलं.

"आम्ही करतो," मावशी म्हणाल्या. स्पष्टच बोलायचं होतं ना!

साहेब खुर्चीवरून हात फिरवत बराच वेळ बसले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या. मग म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांना खुर्च्या. फाटकाचंही बघू. पण हे डोकं कुणाचं?"

सगळ्यांची बोटं गोदामाकडे वळली.

यादीराव वेताच्या जुडीआड बसून फटीतून हे सगळं बघत होते. खिळ्यावरचा कागद कोणता, हे त्यांना केव्हाच कळून चुकलं होतं. त्यांना आत नेलं गेलं, म्हणजे अक्षरशः नेलं, एका काखेत सुतार, दुसऱ्या काखेत पॉलिशवाला.

"या, यादीराव," साहेब म्हणाले. आवाजात चक्क लोणी. "सगळे बोलून झाले. आता तुम्ही बोला. अगदी स्पष्ट."

दारात सगळा कारखाना कान टवकारून उभा. यादीरावांनी तोंड उघडलं...

"...आणि मग?" घरी बायकोने विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग काय!" यादीराव खुर्चीत रेलले. "अगं, टेबलावर अशी मूठ आपटली की दौत उडाली! म्हटलं, साहेब, पुरे झालं. नात उभी राहायला लागली, आजोबांनी किती दिवस खाली मान घालून राहायचं? आठ दिवसांची रजा, नाहीतर हा घ्या राजीनामा!"

"अगोबाई!"

"सगळा कारखाना चिडीचूप. साहेब घामाघूम. शेवटी चाचरत म्हणाले, विचार करून सांगतो. आता एवढा मोठा माणूस, विचाराला वेळ द्यायलाच हवा. तेव्हा तू उद्याची घाई करू नकोस. दोनचार दिवस..."

बायकोने हातातली घडी शेजारच्या बॅगेत ठेवली. त्या बॅगेत यादीरावांचा कोट आधीच जाऊन बसला होता. तो बघून त्यांचा हात हवेतच राहिला.

"साहेबांचा फोन येऊन गेला मघाशी," ती म्हणाली. "काळजीत होते बिचारे. म्हणाले, वहिनी, यांची तब्येत बरी आहे ना? बोला म्हटलं, तर हे म्हणाले, ‘साहेब, पंखा वाढवू का?’ आणि पंखा वाढवून निघून गेले. मग मीच बोलले स्पष्ट. आठ मागितले, त्यांनी पंधरा दिवस दिले. आता हा टॉवेल तेवढा आत ठेवा, आणि हो, मूठ आपटली म्हणे! खोटारडे कुठले!"