तांब्याचा सिंक आणि सदाभाऊ

माघातल्या एका मंगळवारी सकाळी माझे पती दिनकर वारले. दुपारी त्यांना नेलं. संध्याकाळी त्यांचे मित्र सदाभाऊ घरी आले, थेट स्वयंपाकघरात गेले आणि खिशातला रुमाल काढून सिंक पुसू लागले.

रडणाऱ्या बायका थांबल्या. धामणगाव बढ्याहून आलेल्या माझ्या नणंदेनं आत डोकावून विचारलं, "हे सदाभाऊ काय करून राह्यले?"

"ओला राह्यला तर डाग पडते," आतून उत्तर आलं.

सदाभाऊ वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते, पण तपासणी काही सुटली नव्हती. शर्टाच्या वरच्या खिशात चष्म्याशेजारी एक चुंबक कायम असे. दुकानात गेले की आधी चुंबक लावायचे, मग भाव विचारायचे. "तपासून घ्या" हे त्यांचं पालुपद. एका लग्नात त्यांनी आहेरातल्या पितळी समईला चुंबक लावला. तो चिकटला. सगळे बघत असताना ते नवरदेवाला म्हणाले, "आतून लोखंड हाय. पन संसाराले टिकन." स्वतः लग्न केलं नाही. मुली तपासता तपासता वय गेलं, असं आमच्या मेहकरात लोक म्हणत. दिनकर म्हणायचे, "तसं नाही. एकीनं यालाच तपासलं."

आमचं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं तेव्हा दिनकरांच्या मनात तांब्याचा सिंक बसला. कुठल्याशा मासिकात चित्र पाहिलं होतं. दोघं मित्र जालन्याला गेले. पहिल्या दुकानात आरशासारखा चमकणारा सिंक होता. सदाभाऊंचा चुंबक त्याला चिकटून लटकत राहिला.

"साहेब, लोक रंगच पाहतात," दुकानदार म्हणाला.

"लोकाहीचं चुकते," म्हणून सदाभाऊ बाहेर.

शेवटी एका तांबटाकडे जाड पत्र्याचा, हातोडीनं ठोकून केलेला सिंक मिळाला. सदाभाऊंनी त्यावर वाकून सांधे पाहिले, पाणी ओतून ते जाळीकडे नीट उतरतं का पाहिलं, नखानं खरवडून वर लाखेचा हात दिलेला नाही ना याची खात्री केली. तरी समाधान झालं नाही. सिंक उचलून दोघं शेजारच्या धान्याच्या दुकानात वजन करायला गेले. तिथं सदाभाऊंनी आधी काटाच तपासायला घेतला. धान्यवाल्यानं दोघांना सिंकसकट बाहेर काढलं. दिनकर हे सांगताना इतके हसायचे की पुढचं मलाच पूर्ण करावं लागे.

सिंक बसला आणि घरात नियम आले. आंबट काही ठेवायचं नाही. ताकाचं भांडं लगेच विसळायचं. तारेची घासणी बंद, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास. तापलेला तवा टेकवायचा नाही. रात्री कोरडा करायचा. चकाकी जाऊन तो तपकिरी होऊ लागला तेव्हा मी पीतांबरी काढली. सदाभाऊंनी डबी माझ्या हातातून घेतली.

"वहिनी, देवाचा तांब्या घासा, याले नोका घासू. तांबं आपला रंग आपनच धरते. त्याले धरू द्या."

मग ते रोज संध्याकाळी येऊ लागले. टॉर्च लावून सिंक पाहायचे, मागच्या खोलीत दिनकरांशी बोलत बसायचे, चहा घ्यायचे. दिनकर त्यांना चिडवायचे, "सद्या, तू मले भेटाले येतं का सिंकले?"

"तुयात काय पाह्याचं हाय बे? तू तर कवाचाच काळा पडला."

तेराव्याच्या आदल्या दिवशी घर धुवायला काढलं. नणंद चिंचेचा कोळ घेऊन सिंककडे निघाली. सदाभाऊ मध्ये उभे राहिले.

"बाई, चिंच नोका लावू."

"काऊन? देव बसवला काय त्यात? अन् तांब्यात देव धुतात, खरकटं नाही. दादाले तवाच सांगतलं होतं मी."

"दादानं ऐकलं का?"

"नाही."

"मग आता मीबी नाही ऐकत."

नणंद कोळ घेऊन परत फिरली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. सदाभाऊ दुसऱ्या दिवशी आले ते दारातच थांबले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "सिंकनं रंग धरला वहिनी. आता त्याले कोनी पाह्याची गरज नाही," म्हणाले आणि गेले. ते मग आलेच नाहीत. का, ते मला कळत होतं. मित्राच्या घरी जाता येतं. मित्राच्या विधवेकडे रोज संध्याकाळी एकटा माणूस कशासाठी जाणार? "सदाभाऊ रोजच येतात का?" असं समोरच्या घरातून मला एकदा सहज विचारल्यासारखं विचारलंही गेलं होतं.

पण खिडकीतून मला ते दिसत. संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत यायचे, काही विसरल्यासारखं करून उभे राहायचे आणि परत फिरायचे. पायात पुसून स्वच्छ केलेली चप्पल, हातात टॉर्च.

एका संध्याकाळी मी लिंबू कापलं, अर्धी फोड घेतली आणि सिंकच्या तळाला घासली. तपकिरी रंगातून गुलाबी तांबं वर आलं. मग खिडकीतून मोठ्यानं, समोरच्या घरालाही ऐकू जाईल अशी हाक मारली, "सदाभाऊ, सिंकला डाग पडला!"

ते जवळजवळ धावत आले. टॉर्च लावून वाकले. बराच वेळ पाहत राहिले. डाग गोल होता आणि जाळीत लिंबाची बी अडकली होती. त्यांनी ती चिमटीत उचलली, मोरीत टाकली, आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसला.

"लय खराब झाला," ते म्हणाले. "रोज पाहा लागन. वर्ष तरी जाईन."

"मग बसा," मी म्हणाले.

ते मागच्या खोलीत गेले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. दुसऱ्या खुर्चीकडे पाहून त्यांनी, दिनकर गेल्यापासून पहिल्यांदा, आवाज न करता रडून घेतलं. मी चहा उशिरा नेला.

आता दिनकर नाहीत. घरात मी एकटी असते. संध्याकाळी सदाभाऊ येतात आणि मी दोन कप चहा टाकते.