हवा जास्त झाली

आमचे बापूमामा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या गाडीच्या टायरकडे. लग्नाला गेले की मांडवात शिरण्याआधी बाहेरच्या गाड्यांमधून एक फेरी मारणार, वाकून एकेका टायरवर अंगठा दाबणार आणि मग आत जाऊन वरबापाला चारचौघांत सांगणार, "पावणं, तुमच्या पांढऱ्या गाडीचं मागलं डावं चाक बसलंय. आदी ते बघा, अक्षता पळून जात न्हाईत."

माझ्या मावसबहिणीला एक इंजिनियरचं स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, घरदार उत्तम, पत्रिकासुद्धा जुळलेली. मामांनी त्याच्या गाडीला एक चक्कर मारली आणि नकार कळवायला सांगितलं. का, तर म्हणे पुढचे दोन्ही टायर आतल्या अंगानं झिजलेत! "चाकं वाकडी झाल्याली ज्याला वरीसभर कळत न्हाई, त्याला बायकू रुसल्याली काय कळणार?" आणि हे वर तोंड करून सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या बायकोनं त्याच्या गाडीशी उभा दावा मांडलेला!

मामांचं गाव शिराळ्याच्या वाटेवर. आम्ही कोरेगावचे. शाळेला सुट्टी पडली की मी तिकडं पळायचो, कारण मामांकडं शर्यतीची बैलजोडी होती, हरण्या आणि पाखऱ्या. मामा मिलिटरीत ड्रायव्हर होते. पेन्शन घेऊन आले, ऊस लावला आणि उरलेला सगळा जीव त्या जोडीला लावला. पण बैल खरे मामीचे. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून दुखलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे आणि हळद-तेल लावून मळायचे. मामी हे काम दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. मळता मळता बैलांशी बोलायची. पोटी मूलबाळ नव्हतं, ते सगळं बोलणं तिथं चालायचं. मी शेजारी तेलाची वाटी धरून उभा असायचो. आजही हळद तेलात पडली की मला तो गोठा आठवतो.

पुढं शर्यती बंद पडल्या आणि मामांनी जोडी विकली. त्या दिवशी मामीनं चूल पेटवली नाही. त्यानंतर त्या घरात बेंदूर झाला नाही. पुढं शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण तोवर मामांनी बैलांच्या जागी गाडी आणली होती.

गाडी म्हणजे काय, तर तांबडी भडक, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकलेली. पुण्यातल्या कुणा हौशी माणसाची हौस फिटली आणि ती मामांच्या गळ्यात पडली. आणायला मामीला बरोबर नेलं. येताना प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट घासायला लागलं. मग मामांनी दोन फळ्या घेतल्या. गतिरोधक आला की मामीनं उतरायचं, चाकांपुढं फळ्या मांडायच्या, गाडी पलीकडं गेली की उचलायच्या आणि पळत जाऊन बसायचं. आपल्याकडे गतिरोधकांना काय तोटा! घरी पोहोचल्यावर मामी म्हणाली, "ह्या तांबडीत मी पुन्यांदा बसले तर नाव बदला." आणि खरंच बसली नाही. गोठ्यात गाडी उभी राहिली तशी मामीनं गोठ्यात जाणंच सोडलं.

मामांना मात्र तांबडीनं वेड लावलं. कर्नाटक सीमेच्या अंगाला एका माळावर रेसचा ट्रॅक झालाय. अधूनमधून रविवारी तिथं कुणीही आपली गाडी न्यावी आणि मोकळी पळवावी. त्याला ट्रॅक डे म्हणतात. पुण्या-बेंगळुरूची पोरं येतात. त्यांच्यात आमचे मामा पायजमा-पैरणीत उतरायचे. डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी काढून माझ्याकडं द्यायचे आणि मग हेल्मेट घालायचे.

ट्रॅकचे टायर वेगळे असतात, हे मला मामांमुळं कळलं. मऊ रबर, नक्षी नावाला. डांबराला नुसते चिकटून धावतात. रस्त्यावर झिजू नयेत म्हणून ती चार चाकं मी मागून पिकअपमधून न्यायची. उन्हानं रबर कडक होतं म्हणून मामांनी ती मामीच्या वाकळांत गुंडाळलेली. वाकळा गेल्या म्हणून मामीचा त्रागा वेगळा. "टायर म्हंजे भाकरी हाय गड्या," मामा कुणालाही धरून सांगायचे, "तापली की फुगतीया. म्हणून गार असताना हवा जरा कमीच भरायची." टायरच्या कडेला खडूनं रेघा ओढायचे, दोन चकरा मारून यायचे. रेघ फार खालपर्यंत पुसली तर हवा कमी, मुळीच पुसली नाही तर जास्त. सुरुवातीला पोरं हसायची. मग हळूच आपापल्या गाडीखाली वाकून मामांना विचारायला लागली.

ट्रॅक चालवणारा निखिल म्हणून एक तरुण आहे. तो एकदा म्हणाला, "मामा, इथं येणाऱ्या सगळ्या गाड्यांचे टायर तुम्हीच बघा. तुमच्या नावाचा बोर्ड लावू. फक्त पुढच्या वेळी नव्या टायरवर सगळ्यांसमोर एकदा गाडी काढून दाखवा, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको."

झालं! मामांची झोप उडाली. बोर्डावर नाव नुसतं लिहायचं का हुद्द्यासकट, हे मला फोन करकरून विचारायचे. पुण्यात टायर घ्यायला गेलो तर प्रत्येक टायर दाबला, हुंगला, कडेला कोरलेली तारीख चष्मा लावून वाचली. "शिळा माल नको." शेवटी दुकानदारानं चहा पाजून हात जोडले. नवी चाकं आणून वाकळांत गुंडाळून गोठ्यात ठेवली.

तो रविवार उजाडला. आम्ही निघालो आणि मामी नवं लुगडं नेसून पुढं आली.

"मी बी येनार."

"कुठं?" मामा दचकले.

"माळावर. तुमची तांबडी पळती कशी ते बघाय."

 मामांनी तांबडीची हवा पुन्हा एकदा तपासली. मामी माझ्याशेजारी पिकअपमध्ये बसली, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. वाटेत म्हणाली, "आमच्या म्हायेराकडं आज बेंदूर बग." तिचं माहेर सीमेलगतचं. तिकडं कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पुनवेला असतो, आमच्याकडं आषाढात. मी नुसतं हूं म्हटलं.

ट्रॅकवर मामा पुण्याच्या एका डॉक्टरांना भाकरी समजावत होते, म्हणून चाकं मी चढवली. हाताला तेलकट लागलं. पण नव्या टायरला कारखान्याचं तेलकट असतंच, हे मामांचंच वाक्य. सगळे ट्रॅकच्या कडेच्या दोरीशी येऊन उभे राहिले. मामांनी टोपी काढून माझ्याकडं दिली.

पहिल्याच वळणावर तांबडीची मागची बाजू अशी सटकली म्हणता, गरगर दोन गिरक्या घेऊन ती शेजारच्या वाळूत जाऊन बसली. मी धावलो. मामा धडधाकट होते. उतरून त्यांनी सवयीनं टायरवर हात फिरवला आणि थबकले. हात नाकाशी नेला. मी वाकून बघितलं. खाचांमधून पिवळं तेल दिसत होतं.

"मामा, ही तर हळद..."

"गप बस."

त्यांनी वर बघितलं. लांब दोरीशी मामी तोंडात पदर धरून उभी होती. मामांनी पैरणीच्या टोकानं भराभर ते पिवळं पुसलं. तोवर निखिल आणि बाकीचे आलेच.

"काय झालं मामा?"

ज्या माणसानं जन्मात 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं, तो माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माजं चुकलं. हवा जास्त झाली."

"लोकांना शिकवायला सोपं असतं," मागून कुणीतरी बोललं. पोरं हसली. निखिलचं तोंड पडलं ते मला दिसलं. मामांना तर दिसलंच.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. मामी पिकअपमध्ये बसून होती. मला राहवेना. "मामा, नुसतं खरं सांगितलं असतं तरी बोर्ड तुमचाच होता की!"

"आन् तिला सगळ्यांच्या म्होरं हसू करू?" मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "आरं, काल खांदेमळणी केली तिनं. मी बडबडतोय न्हवं, गाडीचा सगळा भार टायरवर असतोय म्हनून. मग खांदं कुठलं, तर टायर. तांबडी आल्यापास्नं त्या गोठ्यात पाय न्हवता ठेवला तिनं. जोडी मी तिला न इचारता विकली हुती गड्या. आज तांबडीला आपली म्हनून हात लावलाय, तर सांगू व्हय तिला, तुज्या हातानं गाडी घसारली म्हनून?"

 मामांनी पुरणपोळीचा डबा उघडला आणि उभ्यानंच दोन खाल्ल्या.

बोर्ड काही लागला नाही. ते काम निखिलनं दुसऱ्या कुणाला दिलं. मामा अजून तिथं जातात, पण आता त्यांना कुणी विचारत नाही. दर ज्येष्ठी पुनवेच्या आदल्या संध्याकाळी मामी गोठ्यात जाऊन टायर मळते, तांबडीशी काहीबाही बोलते, आणि पहाटे ती उठायच्या आत मामा चारही चाकं राखेनं घासून धुतात. मीही एकदा धुऊ लागलोय.

गावात ही गोष्ट झालीच. मामा पारावर आले की कुणीतरी हाक मारतोच, "काय बापू, हवा बरोबर हाय न्हवं आज?" मामी बरोबर असली की त्याच्यावर खेकसते, "चुकतं माणसाचं कवातरी! तू लय शाना लागून गेलास!"

आणि घरी आल्यावर त्यांनाच धरते. "आवं, जलमभर टायर टायर करून आमचं डोस्कं खाल्लंसा, आन् येवढी हवा जास्त झाल्याली कळली न्हाई व्हय तुमास्नी?"

मामा चपला काढत म्हणतात, "न्हाई कळली बग."