डॉट कुलूप

थोरल्याने दुकानाचं नाव इंटरनेटवर नोंदवून टाकलं, हे धाकट्याला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. वडिलांच्या कुलपांच्या दुकानात भावांनी मध्ये प्लायवूडची फळी ठोकून अबोला धरला होता, पण पाटी दोघांची एकच होती. आता त्या पाटीतून आपण वजा झालो, या विचाराने धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच्या लेकीने समजूत घातली. नाव तेच ठेवायचं, डॉट कॉमसारखं टिंबापुढचं शेपूट तेवढं वेगळं घ्यायचं. देणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत, चहा होईस्तोवर काम होतं.

"म्हणजे दुसऱ्याचं शेपूट लावून फिरायचं," धाकटा म्हणाला. "ही शेपटं काढतं कोण?"

इथे लेकीची चूक झाली. तिने खरं सांगितलं. अख्खं शेपूटच आपलं करता येतं. पण अर्ज कधीतरी वर्षानुवर्षांनी घेतात, शुल्कापायी दोन्ही दुकानं विकली तरी भागायचं नाही, आणि मग ते वापरायचं तर सगळ्यांना आपल्याकडे यावं लागतं. धाकट्याने एवढ्यातलं शेवटचंच ऐकलं.

"डॉट कुलूप," तो म्हणाला. "दादालासुद्धा माझ्याकडे यावं लागेल."

तेव्हापासून जेवताना सर्व्हरच्या गप्पा सुरू झाल्या. बायकोने हात टेकले. अर्ज मागवलेले नसतानाही कच्चा मसुदा झकास चालला होता, तो अर्जातल्या एका प्रश्नाशी अडला: उद्या तुम्हाला हे चालवता आलं नाही, तर कोण चालवील?

बायको म्हणाली, मला यात ओढू नका. जावई विसराळू. मेहुणा तर दुकान उघडं टाकून पान खायला जाणारा. धाकट्याने दिवसभर किल्ल्या घासल्या आणि शेवटी नाइलाजाने फळीवर ठोकलं.

"दादा, माझ्यामागे डॉट कुलूप सांभाळशील?"

पलीकडची कानस थांबली.

"तुझ्यामागे मी? अरे, तुझ्याहून मोठा आहे मी."

"विश्वासाचं दुसरं कोणी सापडेना."

पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मलाही विचारलं होतं, नाव घेताना," थोरला म्हणाला. "मी सापडलो नाही तर कोणाला कळवायचं म्हणून. तुझं टाकलंय."

धाकट्याला गहिवरून आलं. ते पलीकडे कळू नये म्हणून त्याने एक चांगली किल्ली उगाच घासली, ती वाया गेली.

"आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं," थोरला म्हणाला. "मला तारीख राहत नाही लक्षात. तू बघ."

डॉट कुलूपचा मसुदा तिथेच राहिला. आता मुदत जवळ आली की धाकटा फळीवर ठोकून "दादा, तारीख" एवढंच म्हणतो. बाकी वर्षभर दोघांचा अबोला उत्तम चालू आहे.