सासऱ्यांचं आत्मचरित्र आणि वरचा कप्पा

युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीचे नियम ठरवणारे महाशय, जे कोणी असाल ते, माझ्या घरातल्या भडक्याला तुम्ही जबाबदार आहात!

प्रोग्राम लिहायची सी भाषा मी कुणाच्या कॉलेजात शिकलो नाही. स्वतः शिकलो, आणि फक्कड शिकलो! त्यामुळे सासऱ्यांनी त्यांच्या जाडजूड आत्मचरित्राची एकुलती एक फाइल नव्या डिस्कवर हलवायला दिली, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "बाबा, निर्धास्त राहा!"

माझा प्रोग्राम साधा. मुख्य प्रोग्राम म्हणजे थोरला, त्याने एक धाकटा प्रोग्राम सोडायचा. धाकट्याने फाइलची नक्कल करायची, थोरल्याने वाट बघायची. धाकटा संपला की थोरल्याच्या हातात एक आकडा पडतो. त्या आकड्याचे कप्पे दोन, वरचा आणि खालचा; मी वरचा बघायचो. शून्य, म्हणजे चूक नाही? काम फत्ते! मूळ फाइल पुसून टाक!

प्रोग्राम चालू करून मी आंघोळीला गेलो आणि बायको संगणकावर बसली.

"अहो, इथे एक प्रोग्राम कधीचा अडून बसलाय. मारू का?"

"मार की!" मला वाटलं, नेहमीसारखा तिचा ब्राउझर.

बाहेर येतो तर पडद्यावर 'काम फत्ते'! नवी फाइल उघडली. आत्मचरित्र चौथीच्या वर्गात खलास! बायकोने मारला तो माझा धाकटाच, आणि मूळ फाइल केव्हाच पुसलेली!

"जावईबापू," सासरे म्हणाले, "चौथीनंतर मी जगलोच नाही का?"

"तसं नाही, बाबा! धाकटा आपणहून संपला तर निकाल वरच्या कप्प्यात ठेवतो. मारला गेला तर ती खबर खालच्या कप्प्यात. मी वरचाच बघितला. रिकामा होता, म्हणजे शून्य."

"म्हणजे मेलेल्याने तक्रार केली नाही, म्हणून तब्येत ठणठणीत?"

"...हो."

"युनिक्सच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय," बायको म्हणाली, "आधी विचारायचं, आपणहून संपला का? हो असेल तरच निकाल मागायचा. त्यासाठी तयार तपासण्या दिल्यात. आकडा स्वतः कुरतडत बसायचं नाही. प्रत्येक यंत्रात कप्पे तसेच असतील कशावरून?"

"तू कधी वाचलीस?"

"तुम्ही अंगाला साबण लावत होतात तेव्हा!"

आता रोज संध्याकाळी सासरे सांगतात आणि मी टाइप करतो. पाचवीचे मास्तर अजून वर्गातून हलायला तयार नाहीत. शेवटी 'जावई' नावाचं एक नवं प्रकरणही येणार आहे म्हणे. तेही मीच टाइप करायचं!

तर महाशय, बातम्या दोन होत्या, मग आकडा एकच का? जगात आकड्यांचा दुष्काळ पडला होता का? सासरे चष्मा पुसताहेत, सहावी सुरू व्हायच्या आत उत्तर द्या!