बादलचा बाप आणि वीस केस

घोड्याचा बाप कोण हे सांगायला मला घोडा लागत नाही, त्याचे वीस केस पुरतात! असं मी भिकनला छाती फुगवून सांगितलं, आणि तिथंच माझे ग्रह फिरले.

मी केशव. प्रयोगशाळेसाठी नमुने गोळा करतो. आमच्या वैदेही मॅडम घोड्यांच्या बापांचा माग काढतात. बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरणारं एक गुणसूत्र असतं, त्याला वाय म्हणतात. ते वाचलं की घोड्याचा बाप, आजा, खापरपणजा कुठल्या वंशातला ते कळतं. घोडीत ते नसतंच. एवढं शास्त्र पुरे!

भिकन हा खुलताबादजवळच्या माळावरचा मेंढपाळ. मेंढरांमागे फिरताना त्याचं अख्खं बिऱ्हाड त्याच्या घोड्याच्या, बादलच्या पाठीवर असायचं. पण पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं, आणि चराईच्या रानात प्लॉट पडले होते.

"चारा नाय, सायेब. बँडवाला मागतोय बादल्याला. पण लई भित्रं लेकरू हाये ते, ढोल वाजला की थरथर कापतंय!" भिकननं बादलची मान थोपटली. खरं सांगतो, मीही थोपटली.

घोड्यांचं एक संवर्धन केंद्र बादलला सांभाळायला तयार होतं. अट एकच, तो जुन्या दख्खनी वंशाचा असल्याचा अहवाल हवा.

"भिकन, अहवाल माझ्याकडे लागला!" म्हणत मी बादलच्या शेपटीचे वीस केस मुळासकट उपटले. पाकिटावर लिहिलं, 'बादल. मालक भिकन, खुलताबाद. केस २०.' शनिवार होता, म्हणून पाकीट शहरात, सिडको वसाहतीतल्या घरी नेऊन देवघराच्या कपाटात ठेवलं. सोमवारी प्रयोगशाळेत दिलं.

दहा दिवसांनी मॅडमनी बोलावलं.

"केशवराव, हा घोडा नाही. घोडी आहे."

"मॅडम, मी स्वतः त्याच्या मागे उभा होतो!"

"मग नीट बघायचं तरी! वायचा पत्ता नाही. आठवड्यात नवा नमुना आणा, नाहीतर केंद्र दुसरा घोडा घेईल."

मी घाबरत भिकनला फोन लावला.

"घोडी? सायेब, जरा वाकून बघायचं व्हतं की! आन हितं तुमच्या सिडकोतली लई माणसं आलीत. तुमी लवकर या!"

फोन कट! माणसं? कशाला? मला चोपायला?

घरी येऊन हिला, म्हणजे भानुमतीला, सगळं सांगितलं. ती आमटी ढवळायची थांबली.

"अहो, ते देवघरातले केस का? त्यातला एक मी शेजारच्या आशाबाईंना दिला. त्यांच्या मानेवर चामखीळ होती. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की गळून पडते ना! मग एक त्यांच्या जावेला, मग पलीकडच्या बिल्डिंगीत..."

"वीसच्या वीस?"

"पण मी पाकीट रिकामं नाही ठेवलं हो! कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयात नवरदेवाची घोडी आली होती. मोजून वीस उपटून आणले. मुळासकट! आणि काळेच, बघून!"

एवढ्या प्रामाणिक बाईवर चिडणार तरी कसं? मी फक्त कपाळाला हात लावला.

सकाळी स्कूटर काढली आणि माळावर पोचलो. बघतो तर ही लांब रांग! प्रत्येकाच्या काखेत कडब्याची पेंढी. एका आजोबांनी तर सोसायटीचं लॉन कापून पिशवीत भरून आणलेलं! आणि सगळ्यांत पुढे आशाबाई, मान वर करून, बिनचामखिळीच्या!

"केशवराव, तीन दिवसांत गळाली! प्रयोगशाळेचा केस आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. पत्ता तर तुमच्या पाकिटावरच होता!"

भिकन बाजेवर उभा राहून ओरडत होता, "एक केस, एक पेंढी! रांग मोडू नगा!"

बादल मजेत कडबा खात होता. शेपटीचा पार खराटा झाला होता! मी घाईघाईनं आयाळीतले वीस केस उपटले आणि थेट प्रयोगशाळेत जाऊन मॅडमच्या हातात दिले. या वेळी घरी गेलोच नाही.

आणि अहवाल काय आला? अस्सल जुना दख्खनी बापवंश! मी कागद फडकवत माळावर गेलो.

"भिकन, जिंकलो! उद्या केंद्राची गाडी येतेय!"

भिकननं कागदावरच्या निळ्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग बादलच्या गळ्यात हात टाकला.

"नाय सायेब. आता कशाला धाडू? पाऊस पडंस्तोवर पुरंल एवढा चारा साठलाय. ह्यो हितंच ऱ्हाईल, माझ्यापाशी."

त्याचे डोळे पाणावले होते. मग त्यानं तो अहवाल बाभळीच्या काट्यानं समोरच्या लिंबाच्या झाडाला टोचला, शिक्का रांगेला दिसेल असा.

"अरे, हे काय करतोस?"

"शिक्का दिसला की लोकास्नी इस्वास वाटतो!"

आता मी पडलो शास्त्राचा माणूस. असल्या गोष्टींवर माझा अजिबात विश्वास नाही. फक्त हनुवटीखाली एक चामखीळ आहे, जुनीच. निघता निघता मी हळूच म्हणालो, "भिकन, एक केस दे की..."

त्यानं रांगेच्या शेपटाकडे बोट दाखवलं.

"पेंढी कुठाय, सायेब?"