देवरावभाऊंचा तोटा

देवरावभाऊ ऑफिसात आले की रामराम घालायच्या आधी तोट्याची तब्येत विचारतात. "वकीलसाहेब, आपला तोटा जिता हाय नं?" मी वकील नाही, ब्रह्मपुरीतला साधा कर-सल्लागार आहे, पण भाऊंना ते कोण सांगणार?

आरमोरी रस्त्यावर त्यांची धानाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअरहोल्डर दोनच, भाऊ आणि त्यांचे लहानपणचे दोस्त सदाशिवभाऊ. हिस्सा अर्धा-अर्धा. सुरुवातीला कंपनीने मन लावून तोटा केला. "तोटा माहा, त माह्याच टॅक्समधून काऊन नाई कटत?" भाऊंनी मला धारेवर धरलं. कायद्याने कंपनी ही वेगळी व्यक्ती असते, म्हटलं. "वेगळी कशी? माह्या घरामांगंच त हाय."

शेवटी एवढं पटलं, की विवरणपत्र मुदतीत भरलं तर कंपनीचा तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो आणि कंपनीच्याच नफ्यातून वजा होतो. तेव्हापासून भाऊ तोट्याला लोणच्यासारखं जपू लागले. मुदतीच्या कितीतरी आधी, भर उन्हाळ्यात, कागद घेऊन हजर.

मग धान उकडायला घेतलेल्या, सारख्या बिघडणाऱ्या जुन्या बॉयलरवरून दोघांचं बिनसलं. तो घ्यायचा हट्ट कुणाचा, यावरून बोलणंच बंद झालं. सदाशिवभाऊ आपला हिस्सा नागपूरच्या एका व्यापाऱ्याला विकायला निघाले. मी नियम सांगितला: तोटा वजा करायचा तर किमान एक्कावन्न टक्के मालकी जुन्याच माणसांकडे हवी. देवरावभाऊंचे पन्नासच. म्हणजे सदाशिवभाऊ गेले की तोटाही बुडाला. हे कळताच व्यापाऱ्याने भाव पाडला आणि सदाशिवभाऊ चरफडत थांबले.

आता दोघं वर्षातून एकदा सह्या करायला येतात आणि माझ्यामार्फत बोलतात. "त्याले सांगा, पंखा कमी कर." "त्याले म्हणा, मले गरम होऊन राह्यलं." चहा मात्र देवरावभाऊ सांगतात, त्यात एक बिनसाखरेचा. सदाशिवभाऊंना शुगर आहे, हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे.

परवा देवरावभाऊ एकटेच आले. सवयीने दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा. मी म्हटलं, "भाऊ, यंदाच्या नफ्यात सगळा तोटा वजा झाला. पेढे आणा."

भाऊंचा चेहरा उतरला. "मंजे सदाशिव आता विकू शकते?"

"शकतात."

ते पंख्याकडे बघत बसले. मग खुर्ची पुढे ओढली. "पोह्याची भट्टी लावतो. सुरुवातीले तोट्यातच जाईन नं?"

"मुद्दाम तोटा कोण करतं, भाऊ?"

"मुद्दाम नाई. मेहनतीनंच करू. फोन लावा त्याले."

मला हसू आलं. मी फोन लावला, भट्टीचं सांगितलं. सदाशिवभाऊंनी विचारलं, "देवराव बसला हाय काय तिथी? त्याले सांगा, मी येऊन राह्यलो. अन् या खेपेले भट्टी मी पसंत करीन."

मी निरोप दिला.  बिनसाखरेच्या चहावर देवरावभाऊंनी बशी झाकून ठेवली.