आधी दिवा कोनता, थे सांगा

आमच्या दवाखान्यातले अंबादासभाऊ खिशात पेन ठेवत नसत, कापूस ठेवत. शर्टाच्या वरच्या खिशात लिंबाएवढा बोळा. समोर रंगाची कुठलीही वस्तू आली, मग ती साडी असो, वांगं असो की एखाद्याचं तोंड असो, भाऊ आधी बोळा बाहेर काढायचे, तिथल्या उजेडात निरखायचे आणि मगच त्या वस्तूकडे वळायचे. समोरच्या टपरीवाल्याने चहात दूध कमी घातलंय असं मी एकदा म्हटलं. भाऊंनी बोळा काढला, वर लटकणारा बल्ब पाहिला आणि निकाल दिला, "चहा बराबर हाये ताई. बल्ब खोटा हाये."

मी त्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायच्या टेबलावर बसत असे. यवतमाळातला दहा खाटांचा दवाखाना, पोटाच्या विकारांचा. ते कापसाचे वाईट दिवस होते आणि पोटांचेही. भाव पडला की लोकांचं जेवण सुटायचं, चहा वाढायचा आणि महिनाभरात माणूस पोट धरून आमच्या बाकावर यायचा. आर्णीची पहिली एसटी आली की अर्धी आमच्याच दारात रिकामी व्हायची. डॉक्टरसाहेब त्यांच्या घशातून नळी घालून पोटात पाहायचे. नळीच्या टोकाला बारीक कॅमेरा, बाहेर दिव्याची एक पेटी, पेटीतला उजेड नळीतून आत जायचा आणि आतलं चित्र टीव्हीवर दिसायचं. पेशंटचे नातेवाईक दाराच्या फटीतून तो टीव्ही पाहायचा प्रयत्न करत आणि मी त्यांना हाकलत असे. माझ्या नोकरीतला सगळ्यात दमवणारा भाग तोच.

अंबादासभाऊ मूळचे दवाखान्यातले नव्हेत. ते आर्णीकडच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बंडीत, म्हणजे शेतकऱ्याच्या बैलगाडीत, हात घालून खालून मूठभर कापूस काढायचा, उन्हात धरायचा आणि प्रत सांगायची. किडक्या बोंडाच्या पिवळट कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. चांगल्या कापसाखाली दडवलेली कवडी भाऊंच्या हाताला लागली नाही असं कधी झालं नाही, असं तेच सांगत. मी खोटं समजत असे, पण पुढे आमच्या बाकावरच्या दोन-तीन पेशंटांनी त्यांना पाहून तोंड फिरवलं तेव्हा खरं मानलं. मग केंद्र बंद पडलं. जोखायला कापूस राहिला नाही, डोळा तेवढा राहिला. तो डोळा घेऊन भाऊ आमच्याकडे स्ट्रेचर ढकलायला लागले.

स्ट्रेचरवरून ते नळीच्या खोलीत कसे पोचले, त्याला लोडशेडिंग कारण झालं. दिव्याच्या पेट्या दोन होत्या. मोठी झेनॉनची, तिचा उजेड दुपारच्या उन्हासारखा. आणि लाइन गेली की इन्व्हर्टरवर चालणारी लहान हॅलोजनची, तिचा उजेड पिवळा. लाइन तर दिवसातून आठ-आठ तास जायची. भाऊ पेशंट आत सोडायचे, बाहेर काढायचे आणि जाता-येता टीव्हीकडे पाहायचे. एके दिवशी स्ट्रेचर मध्येच थांबवून म्हणाले, "साहेब, लाइन असताना आलेल्याचं पोट गुलाबी असते अन् लाइन गेल्यावर आलेल्याचं लाल. असं काहून?"

खोलीतल्या सिस्टरने जीभ चावली. डॉक्टरसाहेबांचा राग प्रसिद्ध होता. त्यांनी विचारलं की अंबादास, तू कापूस पाहत होतास की पोटं?

"कापूसच पाहत होतो जी. म्हनून तं सांगून राह्यलो. पोट लाल नाही, दिवा पिवळा हाये."

आणि त्यांनी खिशातला बोळा नळीच्या टोकासमोर धरला. टीव्हीवर हळद-भात दिसला. डॉक्टरसाहेब बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. त्या मशीनला एक बटण होतं. पांढरी वस्तू दाखवून ते दाबलं की त्या दिव्याखाली पांढरं कसं दिसतं ते मशीन शिकायचं आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे लावून घ्यायचं. दिवा बदलला की पुन्हा शिकवावं लागे. लाइन गेल्याच्या धांदलीत हे कोणाच्या ध्यानातच राहत नव्हतं. त्या आठवड्यात काही जणांना परत बोलावून पुन्हा तपासलं, आणि त्यांची पोटं चक्क गुलाबी निघाली.

तेव्हापासून हे काम भाऊंचं झालं. ते त्याला "मशीनले पांढरं शिकवनं" म्हणत. दर पेशंटआधी, दिवा बदलला की पुन्हा. त्यासाठी दवाखान्याचा पट्टीचा गॉज चालायचा नाही, कारण भाऊंच्या मते गॉज निळा होता. ते कापसाच्या रोलमधून तुकडा काढत, खिडकीत नेऊन उन्हात पाहत आणि पसंत पडला तरच मशीनला दाखवत. आत पेशंट तोंडात प्लास्टिकची कडी धरून पडलेला आणि खिडकीत भाऊ कापसाची प्रत ठरवतायत, हे दृश्य पाहून सिस्टर दररोज माझ्याकडे येऊन रडायची बाकी राहत असे.

हळूहळू हा नाद खोलीबाहेर पसरला. काहीही सांगा, भाऊंचा एकच प्रश्न, "दिवा कोनता होता?" मी नवी मोरपंखी साडी घेतली म्हणून सांगितलं, दिवा कोनता होता. घरी येऊन उन्हात उघडली तर साडी शेवाळी, ही गोष्ट मी त्यांना आजतागायत सांगितलेली नाही. आमच्या कंपाउंडरच्या मुलासाठी मुलगी पाहायला ते लोक गेले तेव्हा वडीलधारे म्हणून भाऊंना सोबत नेलं, ही कंपाउंडरची चूक. पोहे आले, मुलगी आली, आणि भाऊ उठून म्हणाले की पोरीले अन् पोराले दोघालेही जरा अंगनात घ्या. मुलीचे वडील लाल झाले, आणि या वेळी दिव्याचा दोष नव्हता. पण मुलगी हसत हसत उठून बाहेर गेली. उन्हात मुलगी होती तशीच निघाली. मुलाचा काळा सूट मात्र वरून काळा आणि खालून निळा निघाला. लग्न जमलं. सून अजून नवऱ्याला सांगते की मी काकांमुळे हो म्हटलं, तुमच्या सुटामुळे नाही.

पण मला सगळ्यात ताप व्हायचा तो सकाळच्या परेडचा. दवाखाना उघडला की भाऊ अंगणात उभे राहत आणि एकेकाला हाक मारत, "ताई, जरा उनात या." झाडूवालीपासून डॉक्टरसाहेबांपर्यंत कोणी सुटत नसे. उन्हात उभं करून, आधी कापसाकडे आणि मग तोंडाकडे, अशी एक नजर टाकत आणि "जा" म्हणत. कशासाठी, ते सांगत नसत. एप्रिल-मेमधलं आमचं ऊन म्हणजे सकाळी आठलाच चटका देणारं. मी रोज कुरकुरत जात असे आणि एकदा तर म्हणालेही की भाऊ, आमची प्रत लागली असेल तर आम्हाला गाठोड्यात बांधून टाका एकदाचं.

मग नवीन मशीन आलं. सोबत नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर, गळ्यात टाय आणि बोलण्यात उत्साह. त्याने समजावून सांगितलं की आता दिव्याची कोणतीही पेटी जोडा, मशीन स्वतः ओळखतं. ज्या दिव्यात निळा रंग कमी असतो त्याच्यासाठी निळा वाढवून घेतं, उजेड कमी पडला तर चित्र उचलून धरतं. सकाळी एकदा पांढरं दाखवून बटण दाबलं की झालं, तेवढं सिस्टरही करतील. सिस्टर टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी भाऊंना बोलावून सांगितलं की एक तारखेपासून तू गेटवर बस. पगार तोच. भाऊ "हो जी" म्हणाले आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसले, पेशंटसारखे. गेटवर बसण्यात कमीपणा नाही, हे मलाही कळत होतं. पण या माणसाचा डोळा एकदा बेकार झाला होता आणि आता दुसऱ्यांदा होणार होता. ज्यांच्या परेडला मी इतकी वैतागले होते, त्यांच्यासाठी मला चक्क वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही साहेबांशी बोला.

"बोलतो न," ते म्हणाले. "पन आधी मशीनशी बोलतो."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर सगळ्यांसमोर मशीन सुरू करून दाखवणार होता. नळीच्या खोलीत आम्ही सगळे जमलो, मी पण चिठ्ठ्या सोडून गेले. इंजिनिअरने पांढरं काही मागितलं. भाऊंनी नम्रपणे कागदाची पुडी पुढे केली. त्याने आतला कापूस नळीसमोर धरला, बटण दाबलं, आणि टीव्हीवर कापूस दुधासारखा पांढरा झाला. इंजिनिअरने आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

भाऊंनी तोच कापूस उचलून खिडकीत नेला. कवडी होती, चांगली पिवळी. मग त्यांनी नळीसमोर स्वच्छ गॉज धरला तर टीव्हीवर तो निळीत बुडवल्यासारखा. शेवटी त्यांनी इंजिनिअरचाच हात धरून नळीसमोर ठेवला. तो हात टीव्हीवर इतका निळा-करडा दिसला की भाऊ डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "साहेब, हा मानूस जिता हाये का, तपासून घ्या."

डॉक्टरसाहेब मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इंजिनिअर बिचारा कसानुसा झाला, पण मुलगा हुशार होता. तो म्हणाला, "काका, यात मशीनचा दोष नाही. दिवा ते ओळखतं, पण तुम्ही पिवळं दाखवून हेच पांढरं असं म्हणाल तर ते तुमचं खरं मानणार. माणसाचा डोळाही तेच करतो. पिवळ्या बल्बखाली रोज बसा, मग पिवळं दिसणंच बंद होतं. डोळा त्यालाच पांढरं धरून चालतो."

डॉक्टरसाहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की दाखवणारा माणूस लागणारच, गेटवर दुसरं कोणी पाहू. कंपाउंडरने भाऊंच्या पाठीवर थाप मारली, सिस्टरनेही मनावर दगड ठेवून अभिनंदन केलं. पण जिंकलेला माणूस हसत नव्हता. तो कापूस मुठीत धरून अंगणात निघून गेला.

मी दोन चहा घेऊन गेले. भाऊ ओट्यावर बसले होते. चहाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, बोळाही काढला नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"ताई, तुमची वहिनी काविळीनं गेली, हे तुमाले मालूम हाये," ते म्हणाले. "कशी गेली, थे नाही मालूम."

मग त्यांनी सांगितलं. सीझनमध्ये ते उजाडायच्या आधी केंद्रावर निघत आणि दिवे लागल्यावर परत येत. घरात एकच बल्ब, पिवळा. दोन महिने त्यांनी बायकोला उन्हात पाहिलंच नव्हतं. ती म्हणायची जेवण जात नाही, पाय उचलत नाहीत. ते ताटावरून मान वर करून तिच्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, तोंड तर चांगलं आहे तुझं. संक्रांतीला महागावहून लेक आली, भर दुपारी. आईला अंगणात पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच टाकून रडायला लागली. आईचे डोळे हळदीसारखे झाले होते. त्यानंतर दवाखाने झाले, पण उशीर झाला होता.

"बंडीभर कापसातली चिमूटभर कवडी म्या सोडत नव्हतो ताई. अन् घरात पिवळं मह्यासमोर बसून मले वाढत होतं, थे मले पांढरं दिसे." मुठीतली कवडी त्यांनी ओट्यावर ठेवली. "इतके वर्स मले वाटे का म्या तिच्याकडे पाह्यलंच नाही. आज हा पोरगा बोलला तं समजलं. म्या पाह्यलं होतं. रोज पाह्यलं होतं. मले दिसलं नाही."

रोज सकाळी उन्हात ते आमच्या तोंडात काय शोधत होते ते कळलं, आणि गाठोड्यात बांधा असं मी म्हणाले होते त्याची लाज वाटली. चहा निवून गेला. तो आम्ही तसाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "ताई, जरा उनात या." मी न कुरकुरता गेले. भाऊंनी बोळा पाहिला, माझे डोळे पाहिले, "जा" म्हणाले. मी गेले नाही.

"आता तुम्ही इकडे तोंड करा," मी म्हटलं.

ते गोंधळले. माह्यं काय पाहता, असं काहीतरी पुटपुटले आणि झाडूवालीला हाक मारायला वळले. मी विचारलं की वहिनी गेल्यापासून तुमचे डोळे कोणी उन्हात पाहिलेत का. एवढा मोठा माणूस, शाळेत नाव पुकारल्यासारखा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग खिशात हात घालून त्यांनी बोळा माझ्या हातात दिला.

"आधी कापूस पाहा ताई. मंग डोळे."

मी कापूस पाहिला. मग डोळे पाहिले, नीट, दोन्ही. कडा ओल्या झाल्या होत्या, त्याबद्दल मी बोलले नाही.

"पांढरे आहेत," मी म्हटलं.

"दिवा कोनता हाये?"

"ऊन आहे भाऊ."

त्यांनी बोळा परत घेतला, खिशात ठेवला आणि मान हलवली. "मंग खरं असन," ते म्हणाले.